अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज परवडतं का: इंदूरच्या घरात बसून करायचा हिशोब

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. ह्या कॉलेजांच्या वेबसाइटवर जी फी छापलेली असते ती पूर्ण भरणारे लोक कमी असतात. विल्यम्स, ॲमर्स्ट, स्वॉर्थमोर, पोमोना असल्या नावाजलेल्या कॉलेजात राहणं-खाणं धरून वर्षाचा आकडा आता ९० हजार डॉलरच्या आसपास जातो, डॉलर ८५ रुपये धरला तरी वर्षाचे साडेशहात्तर लाख, म्हणजे चार वर्षांचे तीन कोटींच्या वर, आणि हा आकडा बघूनच आपल्याकडचे बरेचसे आईबाप टॅब बंद करून टाकतात. दुसरे काही विजय नगरच्या कन्सल्टन्सीत जाऊन स्कॉलरशिपचं विचारतात आणि भलत्याच मोठ्या युनिव्हर्सिटीचं ब्रोशर घेऊन घरी येतात. हिशोब दोन्हीकडे राहूनच जातो.

मी एका सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळे नात्यातले, राजेंद्र नगर-तिलक नगरचे ओळखीचे, कोणाची पोर बारावीला आली की फाइल घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो, "वर्थ आहे का हो?" माझं उत्तर पण एकच. कॉलेजचं पत्र हातात येईपर्यंत ह्याचं हो किंवा नाही होत नाही, पण पत्र आल्यावर एका संध्याकाळीत ठरवता यावं म्हणून वर्षभर आधी काही कामं करून ठेवावी लागतात. ती कामं खाली क्रमानं लिहिलीत, काही मोठी आहेत काही दोन ओळींत संपतात.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दीड-दोन हजार, फार तर तीन हजार पोरं, सगळी हॉस्टेलला, फक्त बॅचलर डिग्री, पहिली दोन वर्षं गणित-इतिहास-बायोलॉजी-फिलॉसॉफी असं मिसळून शिकायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे मुख्य विषय ठरवायचा. सायन्स पण ह्यातच येतं. २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोनाच्या, आणि १९८९ चं केमिस्ट्रीचंच नोबेल मिळालेले थॉमस चेक ग्रिनेलचे. हे ग्रिनेल कॉलेज आयोवात मक्याच्या शेतांच्या मधोमध, साधारण नऊ हजार वस्तीच्या गावात आहे, म्हणजे आपलं महू त्याच्यापुढे महानगर.

पायरी १: पोरगी किंवा पोरगा ह्या साच्यात बसतो का

हे पैशाच्या आधी बघायचं, कारण इथे नाही निघालं तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये दीडशे जणांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसून नोट्स उतरवून टॉप करणारी पोरं असतात, हुशारच असतात, पण पंधरा जणांच्या वर्गात प्रोफेसर समोर बसून विचारतो "तुला काय वाटतं" तेव्हा त्यांची पंचाईत होते. ह्या कॉलेजांत तेच रोज चालतं. आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचून यायचं, त्यावर लिहायचं, लिहिलेलं प्रोफेसर लाल करून परत देणार, पुन्हा लिहायचं. गर्दीत लपायला जागा नाही. ज्या पोरीला सगळ्यात भांडायची, प्रश्न विचारायची खोड आहे आणि शाळेत त्यासाठी बोलणी बसतात, तिच्यासाठी हे बरं.

दुसरं, तिला आत्ताच पक्कं माहीत आहे का की काय करायचं? डॉक्टर व्हायचं असेल तर हा रस्ता नको. अमेरिकेत मेडिकलला जायचं तर आधी चार वर्षांची डिग्री लागते खरी, पण परदेशी पोरांना घेणाऱ्या मेडिकल स्कूल तिथे कमी आहेत, आणि इथे परत येऊन एमबीबीएस करायचं तर पुन्हा नीट. प्युअर इंजिनिअरिंग पाहिजे असेल तरी हार्वी मड किंवा स्वॉर्थमोरसारखे अपवाद सोडले तर छोट्या कॉलेजात ते नसतं. तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं कोलंबियासारख्या मोठ्या युनिव्हर्सिटीत अशी जोडडिग्रीची सोय असते, पण ते पाचवं वर्ष आणि त्याचे पैसे, दोन्ही मोजा, पहिल्या कॉलेजची मदत दुसरीकडे आपोआप जात नाही. इकॉनॉमिक्स, मॅथ्स, फिजिक्स, बायोलॉजी, इतिहास, सायकॉलॉजी, पुढे पीएचडी किंवा रिसर्च, असा कल असेल तर मात्र ही कॉलेजं खरंच दमदार आहेत. तिथे पीएचडीचे विद्यार्थीच नसतात, त्यामुळे प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम करायला एकोणीस-वीस वर्षांचीच पोरं लागतात. अमेरिकेत कुठल्या कॉलेजच्या किती टक्के पोरांनी पुढे पीएचडी केली ही यादी काढली तर रीड, स्वॉर्थमोर, ग्रिनेल ही नावं भल्याभल्या मोठ्या युनिव्हर्सिटींच्या वर दिसतात.

थंडी, व्हेज खाणं, एकटेपणा ह्याबद्दल मी लिहीत नाही, ते तिथे शिकणाऱ्या एखाद्या भारतीय पोराशी अर्धा तास बोलून कळतं. कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला मेल टाकला की बहुतेक वेळा ते स्वतःच जोडून देतात.

पायरी २: घरातून वर्षाला किती, हा आकडा कागदावर

कर्ज न काढता, आजीची एफडी न मोडता, धाकट्याच्या शिक्षणाला हात न लावता वर्षाला किती देऊ शकतो? नवरा-बायकोनं वेगवेगळं लिहावं आणि मग चिठ्ठ्या उघडाव्यात, गंमत म्हणून नाही सांगत, मी बघितलंय की दोघांच्या आकड्यात दुप्पट फरक असतो आणि तो एप्रिलमध्ये भांडणात बाहेर येतो. समजा ८ लाख निघाले. म्हणजे साडेनऊ हजार डॉलर. हा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे.

त्यात डॉलर वर चढणार हे धरून चला. २०१४ च्या मध्यात साठच्या आसपास असलेला डॉलर २०२४ संपता संपता पंचाऐंशीला आला होता. कॉलेजची फी पण दरवर्षी तीन-चार टक्के वाढते. दोन्ही वाढी एकमेकींवर चढतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचे ८ लाख चौथ्या वर्षी १० च्या जवळ जातील असं समजा.

पायरी ३: यादी करायची ती रँकिंगवरून नाही, मदतीवरून

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच कोणी करत नाही.

परदेशी पोरांच्या बाबतीत ह्या कॉलेजांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट नीड-ब्लाइंडचा, म्हणजे ॲडमिशनचा निर्णय घेताना तुम्ही पैसे मागितलेत का हे बघतच नाहीत, आणि घेतलं तर जेवढं कमी पडतं तेवढं पूर्ण देतात. परदेशी पोरांसाठी असं करणारी छोटी कॉलेजं अगदी थोडी, ॲमर्स्ट त्यात जुनं आणि बोडन २०२२ पासून. तिथे अर्थातच अख्खं जग अर्ज करतं. दुसरा गट नीड-अवेअर, म्हणजे पैसे मागितलेत हे बघतात आणि त्यानं ॲडमिशन अवघड होतं, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. ग्रिनेल, स्वॉर्थमोर, पोमोना, व्हासार, मॅकॅलेस्टर, आणि मुलींच्या कॉलेजांपैकी स्मिथ, माउंट होल्योक ही ह्या गटात येतात. तिसरा गट मेरिट स्कॉलरशिपवाला, ह्यांची संख्या सगळ्यात जास्त, ॲडमिशन सोपी, आणि मध्यमवर्गी मराठी घर फसतं ते इथेच. त्याबद्दल पुढे पत्राच्या पायरीत.

आता कुठलं कॉलेज कुठल्या गटात हे वेबसाइटच्या गोड भाषेवरून कळत नाही. त्यासाठी कॉमन डेटा सेट नावाची एक पीडीएफ असते, जवळजवळ प्रत्येक कॉलेज दरवर्षी काढतं. गूगलवर कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट एवढं टाकलं की येते. चाळीस-एक पानांची, बघून झोप येईल, पण आपल्याला चारच जागा बघायच्या आहेत.

एच विभागात एच-६ नावाचा प्रश्न आहे. तिथे अमेरिकेबाहेरच्या किती पोरांना कॉलेजनं मदत दिली, सरासरी किती डॉलर आणि एकूण किती, हे लिहिलेलं असतं. मग बी विभागात एकूण परदेशी पोरं किती ते बघायचं. समजा एच-६ मध्ये ९० पोरं आणि सरासरी ६५ हजार डॉलर आहे, आणि बी विभागात परदेशी पोरं १५०. म्हणजे दहातल्या सहाजणांना मदत मिळते आणि ती भरभक्कम आहे. दुसऱ्या कॉलेजात १२० पैकी ११० जणांना मदत पण सरासरी २२ हजार असेल, तर ते कॉलेज सगळ्यांना थोडं थोडं डिस्काउंट देऊन बाकीचे पैसे तुमच्याकडूनच घेणार. छापील फीतून एच-६ ची सरासरी वजा करा, जे उरेल ते तुमच्या पायरी २ च्या आकड्यापासून किती लांब आहे बघा. आमच्या उदाहरणात साडेनऊ हजार डॉलर होते. वजाबाकी ४० हजार येत असेल तर ते कॉलेज यादीतून काढा, कितीही सुंदर दिसत असलं तरी.

सी-७ मध्ये ॲडमिशनला काय महत्त्वाचं धरतात ते असतं आणि आय-३ मध्ये वर्गात किती पोरं. आय-३ मध्ये दहा ते वीसवाल्या रकान्यात बहुतेक वर्ग दिसले पाहिजेत, छोटं कॉलेज म्हणून जादा पैसे मोजायचे आणि पन्नासचे वर्ग निघाले तर काय उपयोग.

जाता जाता, कन्सल्टन्सीवाले ही कॉलेजं सुचवत नाहीत त्यात त्यांचा काही द्वेष नाही. त्यांचं कमिशन युनिव्हर्सिटीकडून येतं, आणि परदेशी पोरांवर स्वतःच पैसे खर्च करणारी ही कॉलेजं सहसा एजंटला काही देत नाहीत. दुकान त्यांचं आहे, माल त्यांना परवडेल तोच ठेवणार.

पायरी ४: कॅटलॉग नाही, टाइमटेबल बघा

छोट्या कॉलेजचा एक खराखुरा तोटा आहे. कॅटलॉगमध्ये इकॉनॉमिक्सचे पस्तीस कोर्स दिसतात, पण शिकवणारे सात, त्यातले दोन सुट्टीवर रिसर्चला गेलेले, त्यामुळे एका सेमिस्टरला प्रत्यक्षात आठ-दहाच लागतात आणि जो पाहिजे तो दोन वर्षांतून एकदा. म्हणून रजिस्ट्रारच्या पानावर मागच्या चार सेमिस्टरची टाइमटेबलं उघडायची, बरीच कॉलेजं ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवतात, आणि पोरीला सांगायचं की तुझ्या विषयाचे ह्यात प्रत्यक्ष लागलेले कोर्स मोज. माझ्या पुतणीनं हे केलं तेव्हा तिचं एक आवडतं कॉलेज असंच गळालं, तिला पाहिजे असलेला संख्याशास्त्राचा वरचा कोर्स चार सेमिस्टरमध्ये एकदाही लागला नव्हता. काही कॉलेजं ह्यावर तोड म्हणून शेजारच्यांशी जोडलेली असतात, पोमोना आणि हार्वी मड क्लेरमॉंटच्या पाच कॉलेजांच्या गटात आहेत, ॲमर्स्ट-स्मिथ-माउंट होल्योक मॅसॅच्युसेट्सच्या पाच जणांच्या गटात. एका कॉलेजात ॲडमिशन, कोर्स पाचही ठिकाणी.

पायरी ५: कॉलेज चार वर्षं टिकेल का

आपल्याला हा प्रश्न विचित्र वाटतो कारण होळकर कॉलेज १८९१ पासून जागेवर आहे. तिकडे तसं नाही. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न १८५६ चं, मे २०२४ मध्ये बंद. न्यूयॉर्कचं वेल्स १८६८ चं, त्यांनी २०२४ च्या एप्रिलच्या शेवटी जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की दार बंद. त्याआधी ग्रीन माउंटन २०१९ ला गेलं, मार्लबोरो २०२० ला, आणि कॅलिफोर्नियाचं मिल्स २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत विलीन झालं. पोरं कमी होताहेत, पोरं ओढायला डिस्काउंट वाढवावं लागतंय, खासगी कॉलेजांत नव्या पोरांना सरासरी निम्म्याहून जास्त ट्यूशन माफ होते, आणि ज्यांच्याकडे साठवलेला फंड नाही ते बुडतात. व्हिसावर असलेल्या पोराला अशा वेळी धावपळीत दुसरं कॉलेज शोधून रेकॉर्ड ट्रान्सफर करावं लागतं, नाहीतर परत यायचं.

बघायचं कसं? त्या देशात ना-नफा संस्थांचं रिटर्न सगळ्यांना बघायला खुलं असतं, फॉर्म ९९० म्हणतात, इंटरनेटवर फुकट मिळतो. तीन-चार वर्षांचे काढा, सलग तोटा दिसतोय का बघा. फंडाचा आकडा विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागा. ग्रिनेलकडे अडीच अब्ज डॉलरच्या आसपास फंड आहे आणि पोरं दोन हजारच्या आत, म्हणजे एका पोरामागे दहा लाख डॉलरहून जास्त, त्याला काही होत नाही. एका पोरामागे तीस-चाळीस हजारच निघाले आणि दहा वर्षांत पोरांची संख्या सतत घसरलेली असेल तर मी तरी त्या कॉलेजच्या नादी लागणार नाही. कॉलेजच्या नावापुढे प्रोबेशन, म्हणजे मान्यता धोक्यात असल्याची ताकीद, हा शब्द घालून पण एकदा सर्च करा.

पायरी ६: सीएसएस प्रोफाइल, आणि आपलं एकत्र कुटुंब

मदत मागायची तर कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, काही कॉलेजं त्यांचा स्वतःचा फॉर्म देतात. प्रत्येक कॉलेजला पाठवायची फी लागते पण परदेशी पोरांसाठी बऱ्याच कॉलेजांकडे माफीचा कोड असतो, लाजू नका, मेल करून मागा. तारखा कडक असतात, अर्ली डिसिजनला, म्हणजे लवकरचा पण घेतलं तर यायलाच लागेल असा अर्ज, त्याला नोव्हेंबरमध्ये, रेग्युलरला जानेवारी-फेब्रुवारीत. आणि हे आधीच ऐकून ठेवा, ॲडमिशनच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढच्या चार वर्षांत मागता येणार नाही असा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे. आधी घुसू, मग बघू, हा आपला जुगाड तिथे चालत नाही.

फॉर्ममध्ये आपली घरं नीट बसत नाहीत, म्हणून जरा सावकाश. घर रामबागेत आजोबांच्या नावावर, वरच्या मजल्यावर काका, एक एचयूएफचं खातं, आणि सांवेरकडे वडिलोपार्जित चार बिघे जमीन ज्यात सहाजणांचा हिस्सा, असं चित्र असतं. आता इंदूरच्या आजूबाजूला जमिनीचे भाव एवढे वाढलेत की त्या चार बिघ्यांचा बाजारभाव फॉर्ममध्ये टाकला तर तुम्ही कोट्यधीश दिसता आणि सोयाबीनचं उत्पन्न मात्र वर्षाला लाखभर. लपवायचं अजिबात नाही, ते लबाडीत जमा होतं आणि ॲडमिशन रद्द होऊ शकते. पण हिस्सा तुमचा एक षष्ठांश आहे, वाटणी झालेली नाही, इतरांच्या सहीशिवाय विकता येत नाही, हे शेवटी स्पेशल सर्कमस्टन्सेसच्या रकान्यात साध्या चार ओळींत लिहायचं. घर आजोबांचं असेल तर ते तुमच्या मालमत्तेत टाकू नका, आजोबांकडे राहतो असं लिहा.

कागद हे लागतात: दोघांची दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, फॉर्म १६, धंदा असेल तर बॅलन्स शीट, बँक स्टेटमेंट, आणि मागितलं तर मालकाचं पगारपत्र इंग्रजीत. दुकानदार मंडळींना एक सांगते, इतकी वर्षं टॅक्स वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं आणि बँक स्टेटमेंटमध्ये उलाढाल भलतीच, तर तिथला माणूस दोन्ही शेजारी ठेवून बघतो. त्यांना ते काम रोजचं आहे.

पायरी ७: पत्र वाचणं

मार्चच्या शेवटी पत्रं येतात आणि १ मे पर्यंत कळवायचं असतं. आमच्याकडे पहिलं पत्र मेरिटवाल्या कॉलेजचं आधीच आलं होतं, दिराचा फोन ऑफिसातच आला.

"वहिनी, तीस हजार डॉलरची स्कॉलरशिप लागली! वर्षाला पंचवीस लाख! पेढे आणतोय."

"भाऊजी, पेढे आणा, पण बिल केवढ्याचं आहे ते बघितलं का?"

बिल ७८ हजारांचं होतं. म्हणजे उरले ४८ हजार डॉलर, वर्षाला ४१ लाखांच्या जवळपास, चार वर्षांचे दीड कोटीच्या वर. पेढे खाल्ले आम्ही, कॉलेजला नाही कळवलं.

पत्र घेऊन बसाल तेव्हा डावीकडे सगळा खर्च लिहा: ट्यूशन, हॉस्टेल, मेस, हेल्थ इन्शुरन्स, पुस्तकं, वर्षातून एकदा येण्याजाण्याचं तिकीट. इन्शुरन्स बऱ्याचदा पत्रात नसतोच आणि तो दोन-तीन हजार डॉलरचा असतो. उजवीकडे फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप लिहा, म्हणजे जे परत करायचं नाही तेवढंच. पत्रात वर्क-स्टडी किंवा कॅम्पस जॉबचे अडीच-तीन हजार मदत म्हणून जोडलेले असतात, ते पोरानं भांडी विसळून, लायब्ररीत बसून कमवायचे आहेत, आणि स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही. ते पैसे पोराच्या खिशाला, बिलाला नाही, असं धरा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. ट्यूशनसाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर तिथे टॅक्स नाही, पण राहण्या-खाण्यासाठी मिळालेल्या भागावर आहे. मदत जितकी मोठी तितका हा भाग मोठा, कॉलेज साधारण १४ टक्के कापून घेतं. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे रिटर्न भरल्यावर बराचसा परत येतो किंवा कॉलेज आधीच कमी कापतं, पण पहिल्या सेमिस्टरचं बिल बघून घाबरायला होतं. फायनान्शियल एड ऑफिसला तीन प्रश्न लेखी विचारा: फी वाढली तर मदत वाढते का, मार्क किती खाली गेले तर मदत जाते, आणि घरचं उत्पन्न अचानक पडलं तर पुन्हा बघतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच समजा.

पायरी ८: परत आली तर?

आता माझा नियम सांगते, कोणाला पटेल कोणाला नाही. कर्ज तेवढंच काढायचं जेवढं पोरगी डिग्रीनंतर लगेच परत आली आणि इंदूर किंवा पुण्यात साध्या नोकरीला लागली तरी फिटेल. डॉलरमधल्या पगारावर हप्ता बांधायचा नाही.

का ते आकड्यात बघा. दरवर्षी १० लाख असं चार वर्षांत ४० लाख उचललं, व्याज साडेदहा टक्के. शिकत असताना हप्ता नाही पण व्याज चढत राहतं, डिग्रीनंतरचे सहा महिने धरून साडेबारा लाखांच्या आसपास व्याजच होतं. म्हणजे फेडायला सुरुवात होते तेव्हा कर्ज साडेबावन्न लाख, दहा वर्षांचा हप्ता साधारण ७१ हजार. बीए किंवा बीएस्सीला इथे सुरुवातीला तीस-चाळीस हजारांची नोकरी मिळाली तर हप्ता कोण भरणार, बाबाच ना, आणि बाबा तोपर्यंत रिटायर.

अमेरिकेत राहून फेडू म्हणाल तर नियम बघा. डिग्रीनंतर कामासाठी ओपीटीचे १२ महिने मिळतात. विषय सरकारच्या स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) यादीत असेल तर आणखी २४. इतिहास, इंग्रजीवाल्याला एकच वर्ष. इकॉनॉमिक्सची तर गंमत आहे, एका कॉलेजात ते साध्या कोडखाली असतं, दुसऱ्यात क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स म्हणून ४५.०६०३ ह्या कोडखाली, आणि तो स्टेममध्ये धरतात. तोच विषय, पण दोन वर्षं जास्त. ह्या सरकारी विषय-नंबराला सीआयपी कोड म्हणतात, तो रजिस्ट्रारला विचारून घ्या. त्यापुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ती लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फीचा आदेश एका रात्रीत निघाला. अशा नियमांवर घर गहाण ठेवायला माझं मन होत नाही.

गहाणावरून आठवलं. साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात, आणि इंदूरमध्ये तारणाचा घोळ मोठा आहे. घर आपलं असतं पण प्लॉट गृहनिर्माण संस्थेचा आणि संस्थेचा वाद चालू, किंवा कॉलनी अवैध, किंवा नोटरीवर घेतलेलं, किंवा रजिस्ट्री आहे पण नामांतरण राहिलंय. बँकेचा वकील टायटल सर्चमध्ये हे पकडतो आणि फाइल परत. म्हणून रजिस्ट्री, नामांतरण, नगर निगमच्या संपत्तिकराच्या पावत्या, मंजूर नकाशा ही फाइल दिवाळीतच लावून ठेवा, मे महिन्यात तहसीलच्या चकरा मारायला वेळ नसतो. बिनातारण देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, पण त्यांचा कल मास्टर्सवाल्या पोरांकडे आणि व्याज चढं.

टॅक्सचं दोन ओळींत: स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर बाहेर पाठवलं की बँक टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. लोनच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते पण जुन्या रेजिममध्येच.

पायरी ९: इथले अर्ज बंद करायचे नाहीत

तिकडची पत्रं मार्चच्या शेवटी येतात आणि इथले बरेच फॉर्म त्याआधी संपतात, म्हणून हे समांतर चालू ठेवायचं. देवी अहिल्या विद्यापीठाच्या बऱ्याच कोर्सना सीयूईटी लागते, तिचा फॉर्म भरून टाका. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम २०११ पासून आहे, पहिली तीन वर्षं गणित, संख्याशास्त्र, सोशल सायन्स, भाषा असं मिसळूनच शिकवतात, ज्याला ह्या प्रकारचं शिक्षण पाहिजे पण शेवटी एमबीए करायचंच आहे त्याला घराशेजारी ह्याच्यापेक्षा बरं काय मिळणार. अशोका सोनीपतला २०१४ पासून, फ्लेम पुण्यात, क्रेआ श्री सिटीला, आणि अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीचा भोपाळ कॅम्पस २०२३ पासून, म्हणजे शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी पोरीला भेटून परत. अशोका आणि अझीम प्रेमजी दोन्हीकडे घरच्या उत्पन्नावर फी माफी आहे, तिथेही छापील फी बघून मागे फिरू नका, अर्ज करा. मात्र हल्ली कोणीही लिबरल आर्ट्सची पाटी लावतं, यूजीसीच्या यादीत नाव आहे का आणि मागच्या बॅचची पोरं आता कुठे आहेत एवढं तरी विचारा. आणि होळकर सायन्सला कमी लेखू नका, फी नगण्य, मॅथ्स-फिजिक्सचा पाया पक्का, आणि मध्य प्रदेशात एनईपी २०२१ पासून लागू असल्यामुळे चौथं वर्ष ऑनर्स-रिसर्चचं करता येतं. तिथून चांगल्या मार्कांनी निघून मास्टर्स किंवा पीएचडीला फंडिंगवर अमेरिकेला जाणं, हा रस्ता आपल्याकडच्या पुष्कळ घरांना बॅचलरपेक्षा जास्त परवडतो, कारण पीएचडीला तेच पैसे देतात.

पत्रातला आकडा तुमच्या आकड्यापेक्षा थोडाच जास्त असेल, म्हणजे चार-पाच हजार डॉलर, तर लगेच नाही म्हणू नका. अपील करा. मेल पोरीनं लिहायचा, बाबांनी नाही, आणि त्यात रडगाणं नको, नवा कागद पाहिजे: पगार कमी झाल्याचं पत्र, आजीच्या ऑपरेशनचं बिल, दुसऱ्या कॉलेजचं जास्त मदतीचं पत्र. १५ एप्रिलच्या आत पाठवा म्हणजे उत्तर १ मे च्या आधी येतं. फरक वीस हजारांचा असेल तर अपीलनं तो भरत नाही, तेव्हा त्या कॉलेजला थँक यू लिहून सीट सोडा.

आणि हो म्हणायचं ठरलं तर डिपॉझिट भरल्यावर कॉलेजकडून आय-२० हा व्हिसाला लागणारा फॉर्म येतो, त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि कॉलेजची मदत दोन्ही छापलेलं असतं, उरलेल्या रकमेचे कागद बँकेतून घेऊन ठेवा. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी, मग व्हिसा स्लॉट. आपलं कॉन्सुलेट मुंबईचं आहे, फिंगरप्रिंट आणि इंटरव्ह्यू वेगवेगळ्या दिवशी असतात, त्यामुळे अवंतिका एक्सप्रेसची दोन्ही बाजूंची तिकिटं स्लॉट मिळाल्या मिळाल्या काढा, मे-जूनमध्ये वेटिंग लागतं.